धमनीच्या भिंतीत पांढऱ्या पेशी काय निरोप धाडतात? (ब्लॉकेज नुसत्या चरबीने होत नाही)

सूक्ष्मदर्शिनी:

नमस्कार मंडळी,

'लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) नॉर्मल, तरी अटॅक कसा?' हा प्रश्न इथे वरचेवर येतो. मागच्या धाग्यात उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढणंच बरं वाटलं. मी नाशकातच पॅथॉलॉजी शिकवते. रुग्ण तपासत नाही, पेशी तपासते. त्यामुळे कुणाला कोणती गोळी लागू पडेल हे मी सांगणार नाही. धमनीच्या भिंतीत नेमकं काय चालतं, ते मात्र जमेल तेवढं उलगडून सांगते.

आधी काचपट्टीवर काय दिसतं ते बघू. हृदयधमनीचा आडवा छेद, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. निरोगी धमनीचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच पदर, आणि त्याच्या बाहेर स्नायूंचा थर. रोगट धमनीत या दोहोंमधली जागा फुगलेली असते. भिंग वाढवलं की तिथे मोठाल्या, फिक्या पेशी दिसतात, पोटात बारीक बुडबुडे भरलेल्या. या फेसाळ पेशी. त्यांच्या मधोमध मेलेल्या पेशींचा चुरा पडलेला असतो आणि त्या चुऱ्यात दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या पांढऱ्या फटी असतात. या फटींत मुळात कोलेस्ट्रॉलचे स्फटिक होते. काचपट्टी तयार करताना मांसतुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो, त्यात ते विरघळून जातात आणि नुसती जागा उरते.

विद्यार्थ्यांना मी हमखास विचारते, यात चरबीची पेशी दाखवा. बहुतेकांचं बोट फेसाळ पेशीवर जातं. पण ती चरबीची पेशी नाहीच, ती रोगप्रतिकारक पेशी आहे. रक्तातली मोनोसाइट नावाची पांढरी पेशी भिंतीत शिरली, तिथे मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी झाली आणि खाऊन खाऊन फुगली. माझ्या मते हा सगळा आजार समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. पांढरी पेशी तिथे आली कशी? तिला बोलावलं कुणी?

एलडीएलचे, म्हणजे कोलेस्ट्रॉल वाहून नेणारे, कण रक्तातून धमनीच्या अस्तराखाली सतत झिरपत असतात. धमनीला जिथे फाटे फुटतात किंवा वळण येतं, तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घुटमळतो आणि अस्तराची राखण ढिली पडते. अशा जागी हे कण अडकून बसतात, त्यांच्यावर रासायनिक बदल होतात, ते ऑक्सिडाइझ होतात. अस्तराच्या पेशींना हे सलतं. मग त्या आपल्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ नावाचा चिकट रेणू बाहेर काढतात आणि एमसीपी-१ नावाचा रासायनिक निरोप धाडतात. मोनोसाइटच्या अंगावर हा निरोप ओळखणारा सीसीआर-२ हा ग्राहक रेणू असतो. ती पेशी अस्तरावरून घरंगळत येते, व्हीकॅमला चिकटते आणि दोन पेशींच्या सांध्यातून आत घुसते. आत एम-सीएसएफ हा दुसरा निरोप तिची वाट बघत असतो. त्यानेच तिची मॅक्रोफेज होते.

आता खाण्याचं. आपल्या पेशी एलडीएल घेतात त्या ग्राहकाचा शोध ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी लावला, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. या ग्राहकाची खुबी अशी की पेशीत कोलेस्ट्रॉल पुरेसं झालं की पेशी तो ग्राहक बनवणंच कमी करते, म्हणजे खाण्याला आवर बसतो. मॅक्रोफेज मात्र बिघडलेलं एलडीएल दुसऱ्याच दारांनी आत घेते, त्यांना स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात आणि त्यांना असा आवर नाही. म्हणून ती फेसाळते.

यापुढचा टप्पा २०१० मध्ये उलगडला आणि मला तो सगळ्यात विलक्षण वाटतो. कोलेस्ट्रॉलचे स्फटिक मॅक्रोफेजच्या आत गेले की एनएलआरपी-३ इन्फ्लमासोम नावाची प्रथिनांची जोडणी जागी होते. ती इंटरल्युकिन-१ बीटा हा निरोप कापून तयार करते आणि बाहेर सोडते. त्याच्या प्रभावाने इंटरल्युकिन-६ वाढतं, ते रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं. आपण लॅबमध्ये सीआरपीचा आकडा बघतो तो या साखळीचा शेवटचा दुवा. धमनीच्या भिंतीत कुजबुज चालते आणि तिचा आकडा कोपराजवळ टोचून काढलेल्या रक्तात उमटतो!

एवढ्यावर अटॅक येत नाही. भिंतीतल्या स्नायूपेशी या सगळ्या राड्यावर कोलॅजेनचं झाकण घालतात. झाकण जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं काढतो. पण तिथे टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही जमलेल्या असतात. त्यांतल्या काही इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. या निरोपाने स्नायूपेशींचं कोलॅजेन बनवणं मंदावतं. दुसरीकडे मॅक्रोफेज कोलॅजेन कुरतडणारी विकरं ओतत राहतात. झाकण विरत विरत ६५ मायक्रॉनहूनही पातळ झालं की पॅथॉलॉजिस्ट त्याला धोक्याचं म्हणतात. ते फाटलं की आतला चुरा रक्ताला भिडतो, गुठळी होते, आणि मग आपण ज्याला अटॅक म्हणतो तो येतो.

जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरखोने १८५६ मध्येच हा धमनीचा दाह (इन्फ्लमेशन) आहे असं म्हटलं होतं. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्ट्रॉल चारून धमन्यांत तसेच थर उठवून दाखवले. पुढे बराच काळ वैद्यकाची नजर कोलेस्ट्रॉलवरच खिळली. रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये हा दाहजन्य आजार आहे असं ठासून मांडलं तेव्हा दोन्ही टोकं जुळली.

माझं म्हणणं एवढंच की एलडीएल ही सुरुवात आहे, पण भिंत शांत राहणार की फाटणार हे पेशींमधले निरोप ठरवतात. आणि ते निरोप सरसकट दाबून चालत नाही, नेमका कोणता दाबायचा ते कळावं लागतं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

---

जेलरोडकर:

ताई, फार छान लिहिलंत. आमचे वडील नोट प्रेसमधून रिटायर. तंबाखू नाही, दारू नाही, रोज सकाळी चालणं. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, स्टेंट टाकला. डिस्चार्जच्या कागदावर एलडीएल ९२! तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच, 'चाचण्यांवर विश्वास ठेवू नका.' वर त्याच्या सहा महिने आधीच स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती. हे कसं काय?

---

सूक्ष्मदर्शिनी:

जेलरोडकर, यात दोन-तीन गोष्टी एकत्र आहेत. एक म्हणजे ते रक्त कधी घेतलं? अटॅक आल्यानंतर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप खाली येतं, कारण शरीरात दाहाचा मोठा लोंढा उठलेला असतो. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी घेतलेला आकडा म्हणजे आधीची दहा वर्षं तेवढंच होतं असं नाही. जुने रिपोर्ट असतील तर काढून बघा.

स्ट्रेस टेस्ट रक्ताचा पुरवठा कमी पडतो का ते बघते, म्हणजे धमनी किती अरुंद झाली ते. झाकण किती पातळ आहे ते तिला दिसत नाही. मध्यम अरुंद झालेल्या जागीही झाकण फाटून अटॅक येतो, आणि असं पुष्कळदा होतं. चाचणी खोटी नव्हती, तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

आणि वडिलांची लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्या कणाची चाचणी झाली आहे का? ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते. तिची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, त्यामुळे जन्मात एकदा केली तरी बहुधा पुरते. हा कण ऑक्सिडाइझ झालेली फॉस्फोलिपिडं अंगावर घेऊन फिरतो, म्हणजे मी वर सांगितलेलं सलणं तो सोबतच आणतो. वडिलांची जास्त निघाली तर तुम्हा भावंडांचीही करून घ्यायला हवी.

---

प्रश्नचिन्ह:

म्हणजे शेवटी कोलेस्ट्रॉलचा उगाच बाऊ केला असंच ना? सगळा खेळ दाहाचा. मग कोलेस्ट्रॉल उतरवणारं स्टॅटिन कशाला खायचं? मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय की औषध कंपन्यांनी हे उभं केलंय.

---

सूक्ष्मदर्शिनी:

नाही, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. निसर्गानेच याचा प्रयोग करून ठेवला आहे. काही माणसांत पीसीएसके-९ नावाचं जनुक जन्मतः बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेतल्या एका पाहणीचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांत ज्यांच्यात हा बिघाड होता त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्के कमी. गोळी नाही, कंपनी नाही. उलट ज्या घरांत आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जन्मतःच फार वाढलेलं कोलेस्ट्रॉल, असतो, तिथे ऐन तिशी-चाळिशीत अटॅक येतात. एलडीएल नसेल तर मॅक्रोफेजला खायलाच काही नाही.

स्टॅटिन दोन्ही बाजूंनी काम करतं, एलडीएलही उतरवतं आणि सीआरपीही. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत मुद्दाम अशीच माणसं घेतली होती, एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त. १७,८०२ जण. रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात वगैरे ४४ टक्क्यांनी कमी झाले. दाहाचं महत्त्व कळलं म्हणून स्टॅटिन सोडणं म्हणजे या संशोधनाचा नेमका उलटा अर्थ लावणं आहे.

---

द्राक्षबागाईतदार:

राम राम ताई. मी निफाडकडचा. माझ्या थोरल्या भावाने असाच एक मेसेज वाचून स्टॅटिनची गोळी बंद केली, आता रोज सकाळी हळद-काळी मिरी-आलं यांचा काढा पितो. म्हणतो हळद दाह मारते. खरं किती?

---

सूक्ष्मदर्शिनी:

राम राम दादा. प्रयोगशाळेत पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन ओतलं तर दाहाचे काही निरोप कमी होतात, हे खरं. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं पोचतं, आणि काढ्याने माणसांचे अटॅक टळले असं दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही. भाजीत हळद घालाच, पण ती गोळीची जागा घेत नाही. भावाला तुमच्यासोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना 'गोळी बंद केली आहे' हे स्पष्ट सांगा. अंग दुखतं म्हणून सोडली असेल तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.

दाह खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी म्हणाल तर तंबाखू, मशेरी, विडी बंद करणं. पोटाचा घेर उतरवणं, कारण पोटातली चरबी स्वतः इंटरल्युकिन-६ सोडते. रोज चालणं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जाणं. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं.

---

मायक्रोवाली:

मॅडम, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, गंगापूर रोडला राहते. एक शंका आहे. दाह कारणीभूत आहे हे सिद्ध कसं झालं? स्टॅटिन तर दोन्ही कमी करतं, मग श्रेय कुणाचं हे कसं वेगळं काढायचं? आणि सीआरपी स्वतःच नुकसान करतं का?

---

सूक्ष्मदर्शिनी:

हा खरा प्रश्न, आणि तो सोडवायला जगाला २०१७ पर्यंत थांबावं लागलं. कँटोस नावाची चाचणी. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा वर असलेले १०,०६१ रुग्ण. त्यांना कॅनाकिनुमॅब दिलं. ही अँटिबॉडी फक्त इंटरल्युकिन-१ बीटाला धरते, बाकी कशाला हात लावत नाही. एलडीएल होतं तिथेच राहिलं. तरीही दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे चरबीला न शिवता नुसता एक निरोप अडवला आणि फरक पडला. मात्र त्याची किंमतही दिसली. जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग औषध घेणाऱ्यांत जास्त झाले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणून ते औषध हृदयरुग्णांसाठी वापरात आलं नाही.

सीआरपीबद्दल: ते लक्षण आहे, कारण नाही. ज्यांना जनुकांमुळेच जन्मतः सीआरपी जास्त असतं त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. पण इंटरल्युकिन-६ च्या ग्राहकाच्या जनुकात जन्मतः फरक असणाऱ्यांना तो कमी होतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे नेम साखळीच्या वरच्या टोकावर धरायचा.

आणि नेमका कोणता निरोप दाबायचा ते कळावं लागतं असं मी सुरुवातीला का म्हटलं, ते आता. कँटोसच्या पाठोपाठ २०१८ मध्ये सर्ट चाचणीचा निकाल आला. ४,७८६ हृदयरुग्णांना आठवड्यातून एकदा कमी डोसात मेथोट्रेक्सेट दिलं. आमवातात, म्हणजे सांध्यांच्या दाहाच्या आजारात, ते दाह उत्तम आवरतं, म्हणून आशा मोठी होती. निकाल शून्य. इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, सीआरपी, काहीच खाली आलं नाही आणि अटॅकही कमी झाले नाहीत.

---

द्राक्षबागाईतदार:

हे आमच्या बागेसारखंच झालं की. डावणी आली असताना भुरीचं औषध मारलं तर पैसे जातात आणि डावणी तशीच राहते. दोन्हींना आपण बुरशीच म्हणतो, पण औषध वेगळं.

---

सूक्ष्मदर्शिनी:

दादा, अगदी नेमकं बोललात. वर्गात सांगायला मला हे उपयोगी पडेल.

---

सातपूरकर:

हे वाचून घाबरलोय. बायकोला आठ वर्षांपासून आमवात आहे, हातांचे सांधे. ती मेथोट्रेक्सेटच घेते, दर रविवारी. मग ते हृदयासाठी बिनकामाचं म्हणून बंद करायचं का? कंपनीतल्या एकाने सांगितलं की आमवातवाल्यांना अटॅकही लवकर येतो.

---

सूक्ष्मदर्शिनी:

अजिबात बंद करू नका. सर्टमध्ये आमवाताचे रुग्ण घेतलेच नव्हते. वहिनींच्या सांध्यांत जो दाह आहे तो मेथोट्रेक्सेट आवरतं, आणि तोच दाह मोकाट सुटला तर सांध्यांबरोबर धमन्यांनाही त्रास. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेततं.

अटॅकचं म्हणाल तर तुमच्या सहकाऱ्याने खरं सांगितलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते की आमवात असेल तर हृदयविकाराची काढलेली जोखीम दीडपट धरा. आमवातात टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे निरोप रक्तात सतत फिरत असतात, अस्तराच्या पेशींना ते जागतं ठेवतात. त्यामुळे वहिनींचा रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल हे आमवाताच्या प्रत्येक भेटीत विषय निघाला पाहिजे. आमवाताचे डॉक्टर सांधे बघतात, हृदयाचे डॉक्टर हृदय बघतात आणि मधली ही गोष्ट कुणीच विचारत नाही, असं फार घरांत होतं. तुम्हीच विचारा.

---

पंचवटी मेडिकल:

मी औषधविक्रेता आहे, म्हणून कोल्चिसिनचं विचारतो. पूर्वी ही गोळी फक्त गाउटसाठी जायची. आता हार्टच्या पेशंटच्या चिठ्ठीवरही कधीकधी दिसते, ०.५ ची. ही त्याच साखळीतली का? आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर ही गोळी चालत नाही एवढं मला पक्कं माहीत आहे, गिऱ्हाइकाला मी नेहमी विचारतो दुसरं काय चालू आहे.

---

सूक्ष्मदर्शिनी:

हो, त्याच साखळीतली. कोल्चिसिन पेशींच्या आतल्या सूक्ष्मनलिका जुळू देत नाही. त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते आणि इन्फ्लमासोमची जोडणीही नीट होत नाही. २०१९ मध्ये कोलकॉट चाचणीत अटॅकनंतर महिन्याभराच्या आत ४,७४५ जणांवर ती वापरली, अटॅक-पक्षाघातासारख्या घटना २३ टक्क्यांनी घटल्या. २०२० मध्ये लोडोको-२ मध्ये जुनाट पण स्थिर आजार असलेल्या ५,५२२ जणांत ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत तिला हृदयासाठी मान्यता मिळाली. मग २०२४ मध्ये क्लिअर ही आणखी मोठी चाचणी आली, अटॅकनंतर लगेच ७,०६२ जणांना गोळी दिली आणि फायदा दिसला नाही. त्यामुळे कुणाला, कधी द्यायची यावर अजून वाद आहे. ज्यांना हृदयतज्ज्ञांनी लिहून दिली आहे त्यांनी माझं हे वाचून बंद करू नये, आणि ज्यांना दिली नाही त्यांनी दुकानात मागू नये.

तुम्ही क्लॅरिथ्रोमायसिनचं सांगितलंत ते फार मोलाचं. दोन्ही एकत्र झाली तर कोल्चिसिन शरीरात साठतं. किडनी अधू असेल तर धोका आणखी वाढतो.

---

रानवेडा:

कोल्चिसिन म्हणजे कळलावीत असतं तेच ना? पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला डोंगरउतारावर लाल-पिवळी फुलं दिसतात. गावाकडे काही जण त्याचा कंद औषधी म्हणून देतात.

---

सूक्ष्मदर्शिनी:

तेच, आणि म्हणूनच मोठ्या अक्षरांत वाचा: कळलावीचा कंद खाऊ नका, कुणाला खाऊ देऊ नका. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजून असतं, कंदात किती आहे ते कुणीच सांगू शकत नाही. विषबाधा झाली तर आधी उलट्या-जुलाब होतात, दोन दिवसांत पांढऱ्या पेशी कोसळतात, किडनी आणि हृदय निकामी होऊ लागतं. या विषावर हमखास उतारा सहज मिळत नाही. ओळखीत कुणी घेत असेल तर आजच थांबवा.

---

जेलरोडकर:

ताई, अजून एक. वडिलांच्या सीटीमध्ये कॅल्शियम स्कोअर बराच आला. आईने दूध, नाचणी सगळं बंद केलंय. बरोबर आहे का?

---

सूक्ष्मदर्शिनी:

दूध-नाचणी परत सुरू करायला सांगा. धमनीतलं कॅल्शियम ताटातून थेट तिथे जात नाही. हाही पेशींचाच उद्योग. मरणाऱ्या मॅक्रोफेज आणि स्नायूपेशी सूक्ष्म पिशव्या सोडतात, त्यांच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे कण बसतात. दाहाच्या निरोपांनी काही स्नायूपेशी हाडाच्या पेशींचे गुण उचलतात, आणि भिंत खरोखर कडक होते. काचपट्टीवर हे कॅल्शियम गडद जांभळं दिसतं, कापताना पात्याखाली करकरतं.

पातळ झाकणातले बारीक कण धोक्याचे, कारण त्यांच्याभोवती ताण एकवटतो. मोठे, जुने, घट्ट पापुद्रे त्या मानाने शांत असतात. स्टॅटिन चालू असताना स्कोअर वाढूही शकतो आणि जोखीम मात्र कमी होते. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्या माणसाने स्कोअर पुन्हा पुन्हा काढून घाबरण्यात अर्थ नाही. मधुमेह आणि किडनीच्या आजारात स्नायूंच्या थरातच कॅल्शियम साचतं, तो प्रकार थोडा निराळा.

---

मायक्रोवाली:

मॅडम, टी-पेशींबद्दल तुम्ही फक्त इंटरफेरॉन-गॅमा म्हणालात. नियामक टी-पेशी तिथे नसतात का?

---

सूक्ष्मदर्शिनी:

असतात, पण कमी पडतात. त्या इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा सोडून भांडण मिटवतात, टीजीएफ-बीटाने कोलॅजेन वाढतं, झाकण मजबूत होतं. पीडी-१ हा आवर घालणारा रेणूही तिथल्या टी-पेशींवर सापडतो. कर्करोगात जी चेकपॉइंट औषधं देतात ती नेमका हाच आवर काढून टाकतात, आणि ती घेणाऱ्यांत अटॅक-पक्षाघात वाढल्याचं २०२० मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. कर्करोगावर ती औषधं जीव वाचवतात, म्हणून नाकारायची नाहीत, पण अशा रुग्णाच्या हृदयाकडेही लक्ष हवं.

तुला वाचायला आवडेल असा आणखी एक विषय म्हणजे मेलेल्या पेशी उचलण्याचं काम, एफेरोसायटोसिस. फेसाळ पेशी मेल्यावर शेजारच्या मॅक्रोफेजने त्यांना गिळायला हवं. पण आजारी भिंतीत मेलेल्या पेशींवरही सीडी-४७ हा 'मला खाऊ नको' सांगणारा रेणू तसाच राहतो. त्यांना कुणी उचलत नाही आणि तो मधला चुरा वाढत जातो. २०१६ मध्ये उंदरांत सीडी-४७ अडवल्यावर थर कमी झाले. माणसांत अजून बराच पल्ला आहे, त्यात लाल पेशीही गिळल्या जाऊन पंडुरोग होतो ही अडचण.

---

सातपूरकर:

धन्यवाद ताई. सीआरपी आम्हीही करून घेऊ का? लॅबमध्ये पॅकेज असतं.

---

सूक्ष्मदर्शिनी:

सातपूरकर, हृदयासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी लागतं, साधं नव्हे. १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त, १० च्या वर आलं तर आधी सर्दी-ताप, दाढ, लघवीचा संसर्ग शोधा आणि बरं झाल्यावर पुन्हा करा. वहिनींचं मात्र आमवातामुळे वाढलेलंच असणार, त्यावरून हृदयाचा अंदाज बांधता येणार नाही. तुमच्यासाठी, स्टॅटिन सुरू करावं की नाही अशा काठावर डॉक्टर असतील, तर या आकड्याचा उपयोग आहे. एरवी आधी रक्तदाब मोजा.

---

तपोवनवासी:

सासऱ्यांना गेल्या वर्षी स्टेंट पडलाय. सिंहस्थात आमच्या घरी पाहुण्यांचा राबता असणार, गोदाघाटावर तर मुंगीला शिरायला जागा नसते. सर्दी-खोकल्याची साथ आली तर त्यांच्या हृदयाला धोका असतो का? की हे दाहाचं प्रकरण फक्त भिंतीच्या आतलं?

---

सूक्ष्मदर्शिनी:

धोका असतो, आणि चांगलाच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला २०१८ चा अभ्यास आहे. चाचणीने सिद्ध झालेला फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. फ्लूमध्ये इंटरल्युकिन-६ उसळतं, रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि भिंतीतल्या पेशी आधीच चिडलेल्या असतील तर झाकण फाटायला तेवढं निमित्त पुरतं.

२०२१ मध्ये आयएएमआय चाचणीत अटॅक आल्यावर रुग्णालयातच फ्लूची लस दिली, वर्षभरात त्या गटात मृत्यू कमी झाले. सासऱ्यांच्या हृदयतज्ज्ञांना लसीचं विचारा. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. घरात ताप-खोकला असलेला पाहुणा आला तर त्यांची झोपायची खोली वेगळी ठेवा, आणि त्यांना ताप आला तरी रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकू देऊ नका. तापात छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, दरदरून घाम, यातलं काही झालं तर 'फ्लूमुळे असेल' म्हणून घरी थांबू नका. सिंहस्थात रस्ते बंद असतात, त्यामुळे तपोवनातून रुग्णालयात कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते आधीच ठरवून ठेवा आणि १०८ घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या.